आधी वर्गणी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. शिलाईची बिले सहा महिने थकवणाऱ्या ब्रँडची बातमी तुझ्याजवळ तयार आहे, त्याच ब्रँडने वर्षभराच्या जाहिराती देऊ केल्या आहेत, आणि ‘बातमी थोडी मागे ठेवली तर चालेल का’ असे तू विचारतेस. हा प्रश्न तुला पडला याचे वाईट वाटत नाही. दोन वर्षे फॅशन व्यवसायाची वृत्तपत्रिका चालवूनही तू वाचकांकडे वर्गणी मागितली नाहीस, याचा मात्र राग येतो.

इम्रान अमेद यांचा दाखला तू देतेस. २००७ मध्ये त्यांनी लंडनच्या घरातून ‘द बिझनेस ऑफ फॅशन’ ही फॅशन व्यवसायाच्या बातम्यांची वेबसाइट सुरू केली, एवढेच तुझ्या लक्षात राहिले. २०१६ मध्ये त्यांनी वाचकांना वर्गणी लावली, हे तू सोडून दिलेस. ज्याचा धंदा बातमीवर ठरतो, तो बातमीचे पैसे देतो, पण ते मागावे लागतात.

मी मागितले नाहीत. दादरच्या घाऊक बाजारात माझे साप्ताहिक फुकट वाटले जाई. १६ पानांतली ९ जाहिरातींची, आणि त्यांतली ४ एकाच कंपनीची. त्या कंपनीकडे पैसे अडकलेला एक फॅब्रिकेटर, म्हणजे ब्रँडसाठी कपडे शिवून देणारा, माझ्या टेबलावर माल पोचवल्याच्या चलनांचा गठ्ठा ठेवून गेला. प्रत्येक चलनावर नगांचा आकडा होता आणि कडेला कटिंग मास्टरच्या बोटांचे निळ्या खडूचे ठसे. मी ती बातमी तीन अंक पुढे ढकलली. चौथा अंक निघेपर्यंत त्याने ओव्हरलॉकची यंत्रे विकून गाळा सोडला होता.

त्यानंतर वर्गणी लावली. निम्म्याहून अधिक वाचक गेले, पाने ८ झाली, घरच्यांनीही याला हट्टच म्हटले. पण छापखान्याचे बिल मी कधी थकवले नाही, आणि जे वाचक राहिले ते ऑर्डर घेण्याआधी मला फोन करून पार्टी कशी आहे ते विचारत. माझा निर्णय बरोबरच होता. चूक झाली ती उशिराची.

नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे बातमीत वरच लिही. रविवारी चलनांच्या झेरॉक्स घेऊन ये. ब्रँडला विचारायचे प्रश्न आपण एकत्र लिहू, आणि वर्गणीचा दर ठरवल्याशिवाय मी तुला उठू देणार नाही.