फोच्या वाडग्यात आधी काय घालायचं?

प्रश्न: हो चि मिन्ह सिटीत गल्लीतल्या साध्या दुकानात बीफ फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्सचं व्हिएतनामी सूप, मागवला. वर कच्च्या मांसाचे पातळ काप होते. सोबतच्या ताटलीतले मोड, पाला, लिंबू सगळं घालून ढवळलं. मांस लालच राहिलं, सूपही कोमट झालं. दुकानदाराने सूप नीट तापवलं नव्हतं का?

उत्तर: तापवलेलं असणार. ते मोडांनी गार केलं. वाडग्यात सूप जेमतेम अर्धा लिटर असतं आणि कच्च्या कापांना शिजायला त्या सुपाच्या उष्णतेशिवाय दुसरं काही नसतं. त्यावर मूठभर गार, ओले मोड पडले की खेळ संपला.

वाडगा समोर आला की पहिलं काम म्हणजे चॉपस्टिक्सनी काप सुपाखाली दाबणं. अर्ध्या मिनिटात लाल रंग जाऊन करडा-गुलाबी येतो. तोवर डाव्या हातातल्या चमच्याने नुसतं सूप चाखावं. लिंबू, मिरची किती लागेल ते तेव्हाच कळतं, आणि चाखण्याआधीच पिळलेलं लिंबू परत काढता येत नाही. फोड पिळून बाजूला ठेवावी. सुपात राहिली तर सालीचा कडवटपणा उतरतो. मग तुळशीची पानं देठावरून ओरबाडून आणि करवती कडांची, कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं हाताने तोडून थोडी थोडी घालावीत.

मोड शेवटी. त्याहून बरं म्हणजे ‘या चुंग’ मागावेत: तेच मोड, उकळत्या पाण्यातून काढलेले. कच्चे काप वेगळ्या बशीत हवे असतील तर तसंही सांगता येतं. मग दोन-दोन काप बुडवून खायचे. कच्च्याची धास्ती असेल, तर आधीच शिजवलेलं मांस मागावं.

प्रश्न: फलकावर फोचे आठ-दहा प्रकार असतात. सगळ्यांत फरक काय?

उत्तर: नूडल्स आणि सूप तेच, फरक मांसाच्या भागाचा. ‘ताइ’ म्हणजे वरचे कच्चे काप (उच्चार आपल्या ताईच्या जवळचाच, विसरायची सोय नाही). ‘चीन’ म्हणजे पूर्ण शिजवलेलं. ‘नाम’ हा पोटाकडचा, रेषेदार भाग. ‘गौ’ हा छातीचा, चरबीची पट्टी असलेला. ती पट्टी दाताखाली करकरीत लागली पाहिजे, मेणासारखी लागली तर मांस शिळं किंवा सूप पुरेसं गरम नाही. ‘गन’ म्हणजे मऊ शिजवलेले स्नायुबंध. जठराच्या पापुद्र्यांना ‘साक’ म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ पुस्तक, आणि ते पापुद्रे पाहिले की तो आठवतोच. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘ताइ’ आणि ‘नाम’ एकत्र घ्यावं. सगळंच घातलेला ‘दाक बिएत’ भरगच्च दिसतो, पण त्यात कशाचीच चव नीट कळत नाही. बीफ नको असेल तर ‘फो गा’, म्हणजे कोंबडीचा.

उच्चाराचं म्हणाल तर ‘फो’ नव्हे, ‘फऽ’; ‘फ’ खालच्या ओठाला दात लावून, आणि सूर प्रश्न विचारल्यासारखा खाली जाऊन वर.

प्रश्न: हनोईत तुळस आणि काळा गोडसर सॉस मागितला, तर दुकानातल्या बाई नुसत्या हसल्या.

उत्तर: तुम्ही उत्तरेत दक्षिणेचा फो मागितलात. फो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाम दिन्ह आणि हनोई या भागात रुळला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेत गेली, फोही गेला. मोड, पाल्याची ताटली, होइसिन (तोच काळा गोडसर) सॉस हा थाट तिकडचा. सूपही तिकडे जास्त गोड. हनोईत वर चिरलेली कांद्याची पातच, फार तर थोडी कोथिंबीर, आणि टेबलावर लसणीचं व्हिनेगर, मिरची, लिंबू. व्हिनेगर आणि लिंबू यांतलं एकच घ्यावं. सोबत ‘क्वाय’ ही तळलेल्या मैद्याची कांडी मिळते. तिचा एकेक तुकडा बुडवून लगेच खावा, नाहीतर तिचा लगदा होतो.

दक्षिणेतही सॉस थेट वाडग्यात पिळू नये. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, भाजलेलं आलं आणि कांदा यांचा वास हाडांच्या सुपात उतरायला तासन्‌तास लागतात; तो सॉसच्या दोन चमच्यांत बुडतो. छोट्या बशीत होइसिन आणि तिखट सॉस निम्मे-निम्मे घेऊन मांस त्यात टेकवावं.

प्रश्न: सूप चांगलं आहे हे कसं ओळखावं? माझ्या वाडग्यातलं शेवटी गढूळ झालं होतं.

उत्तर: सुरुवातीला पाहा. सूप नितळ, वर चरबीचे छोटे गोल थेंब, आणि दोन-चार चमच्यांनंतर ओठ किंचित चिकट: हाडं नीट उकळल्याची ही खूण. आलं तेव्हाच गढूळ असेल, तर हाडं आधी उकळून धुतली नसतील किंवा मंद आचेऐवजी खदखदून उकळली असतील. त्याने चरबी सुपात फेटली जाते. शेवटी आलेला गढूळपणा मात्र तुमचाच. ताज्या तांदळाच्या नूडल्स सूप पीत राहतात आणि पीठ सोडतात, दहा मिनिटांत फुगून तुटायला लागतात. फोटो आणि गप्पा नंतर.

प्रश्न: पैसे कधी द्यायचे?

उत्तर: बहुतेक ठिकाणी खाऊन झाल्यावर; हनोईत काही गर्दीच्या दुकानांत आधी पैसे, मग वाडगा स्वतःच उचलून न्यायचा. साधा वाडगा साधारण 40,000 ते 70,000 डोंग. टेबलावरच्या ओल्या रुमालाचे आणि क्वायचे पैसे बऱ्याचदा वेगळे लागतात, वापरले तरच. नोट देताना शून्यं मोजा: 20,000 ची आणि 5,00,000 ची, दोन्ही निळसर असतात.