रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकले म्हणून क्लेम नाकारला, आता काय करायचं?

नाशिकच्या एका दादांचा मेल आलाय, आधी त्यांची अडचण सांगते. त्यांच्याकडे परदेशी कंपनीची छोटी हॅचबॅक आहे, कंपनीतूनच रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) लावून आलेली, डिकीत स्टेपनी नाही. खड्ड्यांनी दोन टायरच्या साइडवॉलला फुगे आले, नवीन रन-फ्लॅटचा भाव ऐकून त्यांनी चारही टायर त्याच साइजचे साधे ऑल-सीझन ट्यूबलेस टाकले, सोबत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला. जुलैमध्ये कसारा घाटात भर पावसात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, ह्यांची गाडी घसरून कठड्याला लागली. बंपर, रेडिएटर, उजवीकडचं सस्पेन्शन सगळं गेलं, एस्टिमेट 2 लाख 80 हजार. इन्शुरन्स कंपनीचा दोन ओळींचा मेल आला, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत अनधिकृत बदल केलाय, क्लेम नामंजूर. वर्कशॉपवाला वर सांगतोय की आरटीओ पण दंड लावेल.

दादा, पहिल्यांदा मनावरचं ओझं उतरवा, तुम्ही बेकायदेशीर काही केलेलं नाही. कलम 52 खालीच स्पष्टीकरण दिलंय की बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. झिजलेला किंवा फुगलेला टायर काढून त्याच साइजचा दुसरा टाकणं ह्यात रचना कुठे बदलली? तुमची आरसी काढून बघा, रन-फ्लॅट हा शब्द त्यावर कुठेच दिसणार नाही. 2019 साली सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात गाड्यांच्या बदलांवर कडक निकाल दिला, कंपन्या तो सगळीकडे पुढे करतात, पण त्याचाही रोख कंपनीने ठरवलेली आणि आरसीवर नोंदलेली माहिती बदलण्यावर आहे. कलम 182ए मधला प्रत्येक बदलामागे 5 हजारांचा दंड अशा बेकायदेशीर बदलांसाठी आहे, तुमच्या टायरसाठी नाही.

स्टेपनीचं पण सांगते, कारण पुढेमागे कोणीतरी तो मुद्दा काढेलच. 2020 च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, छोट्या प्रवासी गाडीत टायरचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. तुमच्याकडे किट आहे, फक्त टायर बदलल्यावर ती प्रेशरची सिस्टीम नीट चालतेय ना हे तपासलं होतं का ते मला कळवा.

आता तुमची कच्ची बाजू, ती लपवून उपयोग नाही. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 195/55 आर16 87व्ही आहे, नव्या टायरवर 195/55 आर16 87एच. साइज तीच, 87 म्हणजे एका टायरवर 545 किलो, तेही तेच. फरक शेवटच्या अक्षरात, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत आणि एच म्हणजे 210 पर्यंत. घाटात पावसात तुम्ही 40 ने चालला होतात, तिथे ह्या अक्षराचा अपघाताशी काडीचा संबंध नाही. शिवाय नकाराच्या पत्रात कंपनीने हा मुद्दा लिहिलेलाच नाही, आणि पत्रात नसलेलं कारण नंतर कोर्टात काढता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच सौराष्ट्र केमिकल्सच्या केसमध्ये म्हटलंय. म्हणून तो दोन ओळींचा मेल जिवापाड जपा, फोनवर कोणी गोड बोलून "नवीन पत्र देतो, जुनं सोडा" म्हणालं तर हो म्हणू नका.

खरी लढाई इथे आहे, टायरमुळे अपघात झाला हे कंपनीने दाखवायचं, तुम्ही नाही. क्लेम नाकारायला पॉलिसीतलं कलम वापरायचं तर ते लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते. पण त्यासाठी टायर शाबूत पाहिजेत! वर्कशॉपवाले भंगारात देऊन टाकतात आणि मग सगळंच हवेत. आजच्या आज जाऊन चारही टायर ताब्यात घ्या, खोबणीची खोली मोजून फोटो काढा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 94 प्रमाणे कारला किमान 1.6 मिलिमीटर लागते, तुमचे टायर आठ महिन्यांचे आहेत म्हणजे त्याच्या कितीतरी वर असणार. आयएसआय मार्क आणि बनावटीचा आठवडा-वर्ष सांगणारे चार आकडे पण फोटोत येऊ द्या. टायरचं जीएसटी बिल शोधा. सर्व्हेयरच्या, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाच्या, रिपोर्टची कॉपी लेखी मागा, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा रिपोर्टमध्ये टायरचा दोषच लिहिलेला नसतो, नकार ऑफिसात बसून ठरलेला असतो.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, महिनाभर वाट बघा. उत्तर नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, आणि वकील चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. मी मुद्दे लिहून देईन. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग, नाशिकलाच, मुदत दोन वर्षं. पण आयोगात केस सुरू असताना लोकपाल हात लावत नाहीत, म्हणून आधी लोकपाल असं माझं मत.

किती मिळेल? टायरचं नुकसान अपघातात गाडीबरोबर झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मेच, बाकी पार्टवर झीज कापतील, झिरो डेप (झीज न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर तेवढं वाचेल. कोणी 75 टक्क्यांवर तडजोड करू म्हणालं तर लगेच सही करू नका. सुप्रीम कोर्टाने 2010 च्या अमलेंदू साहू केसमध्ये ते 75 टक्के दिले ते पॉलिसीचा अटीभंग झालेल्या क्लेमसाठी, तुमच्याकडून अटीभंग झालाच नाहीये. पैसे देताना सहीला देतात त्या व्हाउचरवर "पूर्ण व अंतिम" लिहिलंय का ते आधी वाचा आणि मला दाखवा.

शोरूमने वॉरंटी गेली म्हटलंय त्याची आत्ता काळजी नको, अपघाताचं काम वॉरंटीत तसंही बसत नाही. आणि पुढच्या रिन्यूअलला टायर बदललेत हे एका ओळीच्या मेलने कंपनीला कळवून ठेवा. आधी टायर आणा घरी, फोटो आज रात्रीपर्यंत पाठवलेत तर तक्रार अधिकाऱ्याला पाठवायचा मेल मी उद्या ड्राफ्ट करून देते.