वृद्धाश्रमातील औषधे : वाचकांच्या शंका

सांगली-मिरज परिसरातील वृद्धाश्रमांत आई-वडिलांना ठेवलेल्या वाचकांकडून औषधे देण्यातील चुकांविषयी त्याच त्या शंका वारंवार येत आहेत, म्हणून त्या येथे एकत्र घेतल्या आहेत.

सकाळची रक्तदाबाची गोळी राहिली. रात्री दोन द्याव्यात का? (विटा)

नाही, राहिलेल्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारावे.

आईला गिळता येत नाही, म्हणून तेथील ताई सर्व गोळ्या कुटून पेजेत कालवतात. चालेल का? (तासगाव)

सरसकट चालणार नाही. दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी कुटली की सारे औषध एकदम अंगात उतरते. डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा. काही औषधे पातळ स्वरूपात मिळतात.

वडिलांना २० युनिट इन्सुलिन आहे. या वेळच्या सिरिंजचे टोपण नारिंगीऐवजी लाल आहे. दुकानदार म्हणतो, सगळ्या सारख्याच. (मिरज)

सारख्या मुळीच नाहीत, आणि हातात आहे तो माल खपवण्यासाठी असे सांगणाऱ्याची मला चीड येते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज सहसा ४० साठी आणि नारिंगी १०० साठी असते. तरीही रंगावर न विसंबता बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच पाहावा. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर वडिलांना २० नव्हे, ५० युनिट मिळतील. उलट गफलतीत जेमतेम ८ मिळतील आणि साखर वाढत राहील. जास्त मात्रेने साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. पण वृद्धाश्रमात त्याला म्हातारपणाची गुंगी समजून माणसाला झोपू दिले जाते, याचीच मला सर्वाधिक काळजी वाटते. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. तुम्ही मात्र पुढच्या इंजेक्शनपूर्वीच बाटली आणि सिरिंज दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या गोळ्या चुकून काकांना दिल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत वाट पाहू, असे व्यवस्थापक म्हणतात. (इस्लामपूर)

वाट पाहू नका. त्या गोळ्यांची पाकिटे आणि काकांच्या नेहमीच्या औषधांची यादी घेऊन त्यांना आत्ताच रुग्णालयात न्या, आणि गोळ्या किती वाजता दिल्या ते ज्यांनी दिल्या त्यांनाच, न रागावता, विचारा. रागावलात तर खरी वेळ कळणार नाही.