वाचक विचारतात: ओळखीचा माणूस पुढे केला की वशिलाच?

प्रश्न: अमेरिकन क्रांतीत नेते आपल्याच ओळखीतल्या लोकांची नावं मोठ्या पदांसाठी सुचवायचे म्हणे. मग तो वशिलाच झाला ना?

उत्तर: थोडाफार होताच, नाही कशाला म्हणू. जून १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, जॉन अ‍ॅडम्सने सेनापती म्हणून वॉशिंग्टनचं नाव काढलं तेव्हा तो तिथेच बसलेला, आपल्याबद्दल बोलणं चाललंय म्हटल्यावर गडी सरळ उठून बाहेर, आणि अध्यक्ष हॅनकॉकला वाटत होतं आपलाच नंबर, त्याचा चेहरा कसा पडला ते अ‍ॅडम्सने नंतर लिहून ठेवलंय! पण हिशोब साधा होता, लढाई न्यू इंग्लंडवाल्यांची, म्हणजे उत्तरेकडच्या वसाहतींची, दक्षिणेला सोबत घ्यायचं तर व्हर्जिनियाचा माणूस हवा, आणि वॉशिंग्टन तिथलाच. १५ जूनला एकमताने निवड.

मला जास्त पटतो तो १७८०चा किस्सा. दक्षिणेच्या फौजेसाठी काँग्रेसने वॉशिंग्टनला न विचारता जनरल गेट्सला नेमलं, साराटोगाची लढाई जिंकल्यामुळे त्याची हवा होती ना, आणि ऑगस्टमध्ये कॅमडेनच्या लढाईत त्याचा सगळा धुव्वा उडाला. मग काँग्रेसवाले वॉशिंग्टनला म्हणाले तूच सांग बाबा कोण ते. त्याने जनरल नॅथानिएल ग्रीनचं नाव दिलं. नुसती दोस्ती नव्हती हां, १७७८ पासून ग्रीनने क्वार्टरमास्टर जनरल म्हणून रसद, गाड्या, घोडे असलं कंटाळवाणं काम ओढलेलं आणि वॉशिंग्टनने ते जवळून पाहिलेलं. दक्षिणेत ग्रीन लढाया हरत राहिला पण इंग्रजांना पळवून पळवून पार दमवलं.