आधी खतावणी उघड

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझं दूध संकलन केंद्र बंद पडलं आणि आता निवडणुकीला उभा राहून म्हणे 'त्यांना' धडा शिकवणार. 'ते' म्हणजे नक्की कोण, हे एवढ्या लांबलचक मजकुरात कुठे सापडलं नाही. म्हणून मार्की द मोरेसबद्दल लिहितो.

फ्रेंच सरदार घराण्यातला हा माणूस 1883 मध्ये अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर आला. गुरं घेतली, बायकोच्या नावानं मेडोरा गाव वसवलं. डोकं तल्लख. जनावरं जिवंत शिकागोला धाडण्यापेक्षा तिथंच कापायची आणि मांस बर्फाच्या डब्यांतून रेल्वेनं पूर्वेकडे न्यायचं. कल्पनेत खोट नव्हती. पण नुसत्या गवतावरची गुरं वर्षातून थोडे महिनेच अंगानं भरतात. एरवी कत्तलखाना रिकामा. गिऱ्हाइकाला मक्यावर पोसलेलं मांस हवं. शिकागोच्या बड्या व्यापाऱ्यांना रेल्वे भाड्यात सवलत द्यायची, हेही खरंच. 1886 मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्याचं धुराडं अजून उभं आहे.

इथं खतावणी उघडायला हवी होती. यानं शत्रू शोधला. पॅरिसला जाऊन राजकारणात शिरला, सगळं खापर ज्यूंवर फोडलं, ला व्हिलेट या तिथल्या कत्तलखान्याच्या भागातल्या खाटकांना हाताशी धरून सभा गाजवल्या. 1890 ला नगरपालिकेची निवडणूक हरला. 1892 मध्ये आर्मां मेयर या ज्यू कॅप्टनचा द्वंद्वात जीव घेतला. त्या बिचाऱ्याचा मेडोराच्या तोट्याशी काय संबंध? आणि 1893 मध्ये उघड झालं की, कॉर्नेलियस हर्झ या ज्यू माणसाकडूनच यानं उसने पैसे घेतले होते! 1896 ला सहारात मारला गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

खतावणी, बाबा. आधी खतावणी.

माझं कोल्ड स्टोरेज विकलं तेव्हा गावात काय बोलले, ते तुझ्याही कानावर असेल. 'अंगात पाणी नाही, गप्प बसला.' बोलू देत. माझं कुणी वाकडं केलं नव्हतं असं नाही. चांगलंच वाकडं केलं होतं. त्यांच्या नावानं बोंब मारून मतं मागितली असती, तर कदाचित निवडूनही आलो असतो. कधी कधी वाटतं, मारायला हवी होती. पण वह्या उघडल्या तेव्हा दिसलं की बेदाण्याच्या भाड्यातून विजेचं बिलसुद्धा सुटत नव्हतं. ते काय त्या लोकांनी केलं होतं?

रविवारी ये. संकलनाचं रजिस्टर, दुधाच्या प्रतीच्या (फॅट-एसएनएफच्या) स्लिपा, डिझेलची बिलं, उधारीची वही, सगळं आण. भाषणाचा कागद घरी ठेव. जेवायलाच ये, तुझ्या काकूला सांगून ठेवलंय.