इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्प्लेवर बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर जुळत नाहीत, नक्की कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

टक्क्यांवर. किलोमीटरचा आकडा बऱ्याच गाड्यांत मागच्या चालवण्यावरून काढलेला असतो, म्हणजे तुम्ही आठवडाभर साताऱ्यातच राजवाडा ते पोवई नाका असं तीस-चाळीसच्या स्पीडनं फिरला असाल तर गाडी तोच हिशोब धरून चालते, पुढं घाट आहे हे तिला कुठं माहीत.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यातून ९० टक्क्याला २१० किमी दाखवत होतं आणि मेढ्यावरून महाबळेश्वरला गेल्यावर गाडी चालली फक्त ५५ किमी पण आकडा आला ९५ वर, तर बॅटरी गेली का. नाही हो. माझंही पहिल्या वेळी डिट्टो असंच झालेलं, सासरे शेजारी बसलेले, केळघरचा घाट चढताना ते रस्ता सोडून त्या आकड्याकडंच बघत होते आणि शेवटी एसी बंद करायला लावला, बिचाऱ्या एसीचा काही दोष नव्हता, तो तासाला साधारण एखादं युनिट खातो.

खरा खर्च चढाचा. सातारा ते महाबळेश्वर साडेसहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, माणसं-सामान धरून गाडी १७०० किलो धरा, तर नुसतं तेवढं वजन वर उचलायलाच ३ युनिट लागतात, मोटरमधला लॉस धरला की साडेतीन. (युनिट म्हणजे आपल्या लाईट बिलातलंच युनिट.) माझी बॅटरी ३० युनिटची, म्हणजे ११-१२ टक्के घाटानंच खाल्ले, ५५ किमीच्या रस्त्याचे वेगळे. उतरताना यातले निम्मे तरी रीजनमधून (उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते ते) परत येतात, तेव्हा किलोमीटर वाढताना बघून खुश होऊ नका, तोही अंदाजच. आणि एक, वर हॉटेलला चार्जिंग मिळालं म्हणून १०० टक्के करून उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज घ्यायला जागाच नसते, मग सगळा उतार ब्रेकवर.

आता टक्के तरी किती खरे? ते पण मोजून नाही, हिशोबानंच येतात. घरातला गॅस सिलेंडर बघा, आत लिक्विड आहे तोवर प्रेशर जवळपास सारखंच, त्यामुळं शेगडीच्या ज्योतीवरून किती उरलाय ते कळत नाही, मग आई काय करते, लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवते आणि दिवस मोजते. एलएफपी बॅटरीचं (लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीचा एक प्रकार) तसंच आहे, साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधे सेलचा व्होल्टेज जवळपास हलतच नाही, ३.२-३.३ च्या आसपास पडून असतो, त्यामुळं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, किती करंट आत गेला किती बाहेर गेला हे मोजत बसतं. रोज थोडी थोडी चूक साठत जाते. तुमची गाडी रोज ४० ते ७० मधेच खेळत असेल तर ती चूक सुधारायची संधीच मिळत नाही आणि एक दिवस १५ वरून एकदम ८. म्हणून एलएफपी असेल तर मॅन्युअलमधे सांगितलंय तसं अधूनमधून घरच्या स्लो चार्जरवर पूर्ण १०० पर्यंत लावा, तिथं व्होल्टेज चढतो आणि हिशोब परत जागेवर येतो.

मी किलोमीटरकडं बघणंच सोडलंय. ट्रिप मीटर शून्य करायचा, टक्के लक्षात ठेवायचे आणि १ टक्क्याला किती किमी पडतात ते काढायचं, माझ्या गाडीला साध्या रस्त्याला २.३, हायवेला शंभरच्या स्पीडनं १.८, घाट चढताना १ सुद्धा नाही. पुण्याला ११० किमी म्हणजे ६०-६५ टक्के, एवढं डोक्यात असलं की झालं. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, महिनाभर लिहून ठेवा. १५ च्या खाली मी जात नाही, खाली पॉवर पण कमी होते, काही गाड्यांत तर चक्क कासवाचं चित्र येतं.

दोन-तीनदा पूर्ण चार्ज करूनही टक्के एकदम पडत असतील तरच सर्व्हिस सेंटरला दाखवा. किलोमीटरच्या आकड्यासाठी नेऊ नका, मी नेली होती, दिवसभर ठेवून सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं आणि पुढच्याच रविवारी केळघरला आकडा परत तसाच धडाधड खाली.