तुमचे प्रश्न: सड्यावरची सायन्स फिक्शन

(या अंकात उत्तरं देतायत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहून स्वतःची पुस्तकं स्वतःच छापणारे एक विज्ञानकथालेखक.)

देवगडहून एक वाचक: दादा, तुमच्या कथा अंतराळात न जाता कायम आपल्या सड्यावरच का घडतात? सुचतं कुठून हे सगळं?

सड्यावरूनच सुचतं हो, म्हणजे आमच्या जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरून. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर पंप, मिक्सर, पंखे, आणि लिहायचं रात्री, पण लहानपणी गुरांमागे सड्यावर जायचो तेव्हा कातळावर कोरलेली चित्रं अक्षरशः पायाखाली असायची आणि मोठी माणसं सांगायची की ही पांडवांनी काढलीत, झालं, विषय संपला. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की कशेळीचा तो हत्ती 18 मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत कितीतरी छोटे प्राणी कोरलेत, काही ठिकाणी तर गेंडा ओळखू येतो. गेंडा! आज कोकणात गेंडा कुठाय? म्हणजे कोरणाऱ्याने तो कुठेतरी पाहिलेला असणार, आणि हे एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून धड दिसतही नाही तरी त्याने ते काढलं. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

त्यात देवाचे गोठणे हे गाव. तिथल्या शिल्पापाशी होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडून भलतीकडेच वळते. जांभ्यात लोह असतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण चुंबक आणि तांब्याच्या तारेवर माझं पोट आहे, त्यामुळे ती सुई फिरताना बघून जे वाटलं ते वेगळंच. माझी पहिली मोठी कथा तिथूनच निघाली, एक वायरमन सड्यात कॉइल पुरतो आणि पावसाळ्यात गावाची लाईट गेलेली असताना त्या कॉइलमध्ये करंट यायला लागतो. पुढचं पुस्तकात वाचा.

विजयदुर्गजवळच्या एक शिक्षिका: हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला असं आम्ही मुलांना सांगतो. यावर कथा का नाही लिहिलीत?

मॅडम, लिहितोय, पण आधी खरं काय घडलं ते नीट लावून घेतलं. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेलं हे पक्कं आणि किल्ल्यावर ते बघायला बांधलेले म्हणून साहेबाचे ओटे आजही दाखवतात. पण या गोष्टीत ज्याचं नाव घेतात त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा बघितली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. ग्रहण बघायला भारतात आला होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आंध्रातल्या गुंटूरला, आणि ग्रहणाशिवायही सूर्यज्वाला बघता येतात हे त्याला दुसऱ्याच दिवशी जमलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. आणि हा वायू पृथ्वीवर सापडला थेट 1895 मध्ये, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला. मला विचाराल तर हे खरं आपल्या ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त थरारक आहे, मुलांना हेच सांगा, विजयदुर्गाचा मान कुठेही कमी होत नाही. माझ्या कथेत त्या दिवशी किल्ल्यावर एक भंडारी पोरगा ओटे बांधायला दगड वाहतोय, त्याला काय दिसतं एवढंच मी रचणार.

गुहागरची नववीतली एक विद्यार्थिनी: घरचे म्हणतात आधी सायंटिस्ट हो, मग लिही. खरंय का?

अगं, लिहायला आजच सुरुवात कर. जयंत नारळीकर एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली, नावाकडे बघून नको, कथेकडे बघून ठरवा म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. तूही तशीच पाठव. थंडीत रात्री तुमच्याकडे लाटा निळ्या चमकतात ना, ते नॉक्टिल्युका, एकपेशीय जीव, पाणी ढवळलं की उजेड देतात. तिथून सुरू कर.

चिपळूणहून एक वाचक: प्रकाशक न घेता स्वतः छापलेलं पुस्तक लोक सिरियसली घेतात का? आणि करायचं कसं?

घेतात, पुस्तक चांगलं असेल तर. अमेरिकन लेखक अँडी वीअरने मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरण प्रकरण करून फुकट दिली, वाचकांनी शास्त्रातल्या चुका दाखवल्या त्या दुरुस्त केल्या आणि 2011 मध्ये 99 सेंटला ई-बुक काढलं, प्रकाशक नंतर आले. मी प्रकाशकाकडे गेलोच नाही कारण मला सड्यावरची बोली जशीच्या तशी हवी होती.

कामाचं सांगतो. मुद्रितशोधन दुसऱ्याकडूनच करून घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका. डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर ई-बुक करताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाइल पहिल्यापासून युनिकोडमध्ये मागा. ऑफसेटला छापणार असाल तर फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, 16 पानांचा, पानं त्या हिशेबात बसवा नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, त्या चार प्रती आधी बाजूला काढा आणि मग विक्रीचा हिशेब मांडा.